घरच्या गॅसवर चाओ म्येन: एका वेळी एकच घाणा

पहिल्यांदा मी घरी मांस घालून नूडल्स केल्या, तेव्हा ताटातल्या गोळ्याकडे बघून सासूबाई म्हणाल्या, "उपमा छान झालाय गं." त्यांनी खरंच कौतुक केलं होतं, हे त्यातलं जास्त वाईट. मी काय केलं होतं? कढईत चिकन, त्यावर भाज्या, त्यावर गरमागरम उकडलेल्या नूडल्स, वरून अर्धी वाटी सॉस, आणि चव मुरावी म्हणून वर झाकण.

पुढं वर्षभर मी गॅसला दोष देत होते. हॉटेलातली भट्टी भुरभुर आवाज करत पेटते, आपल्या शेगडीत तो जोर कुठून येणार? पण हे अर्धंच खरं आहे. भजी तळताना आपण काय करतो ते आठवा. एका वेळी वीस भजी सोडली तर तेल थंड पडतं, भजी तेल पितात आणि मऊ पडतात. म्हणून आपण सहा-सात सोडतो आणि चार घाणे काढतो. नूडल्सचंही तसंच आहे. आच वाढवता येत नसेल तर घाणा लहान करायचा. हे कळल्यावर माझ्या शेगडीवर नूडल्स सुट्या व्हायला लागल्या, शेगडी तीच होती.

आपण करतोय तो पदार्थ कोणता

चिनी भाषेत 'चाओ' म्हणजे मोठ्या आचेवर परतणं आणि 'म्येन' म्हणजे गव्हाच्या पिठाच्या नूडल्स. नावात एवढंच आहे. दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये याचे दोन ठळक प्रकार मिळतात. एकात नूडल्सची थाळी तेलात दोन्ही बाजूंनी कुरकुरीत भाजतात आणि वरून मांसाचा दाटसर रस्सा ओततात. दुसऱ्यात सगळं कोरडंच परततात, ताटात रस्स्याचा थेंब दिसत नाही. आपण हा दुसरा करायचा आहे.

चिनी मेनूवर नुसतं 'रोउ', म्हणजे मांस, असं लिहिलं असेल तर ते डुकराचं समजायचं, जसं आपण 'मटण' म्हटलं की बोकड, वेगळं सांगावं लागत नाही. तेव्हा मूळ पदार्थ डुकराच्या मांसाच्या बारीक काड्यांचा. गोव्यात ते सहज मिळतं, पुण्या-मुंबईत ठरावीक दुकानांत. घरात चालत नसेल तर चिकन घ्या, मी बहुतेकदा तेच घेते. मटणाच्या नूडल्सही चीनमध्ये आहेत, पण त्या वायव्येकडच्या शिनज्यांगच्या, मुसलमान वस्तीच्या भागातल्या. तिथं टोमॅटो आणि ढोबळी मिरची घालतात, नूडल्सही कधी शेंगदाण्याएवढ्या तुकड्यांत कापलेल्या असतात. तो वेगळ्या दिवशीचा बेत.

आपल्या नाक्यावरच्या गाडीची चव यातून येणार नाही, हे आधीच सांगते. तिथं व्हिनेगर, लाल मिरचीची शेजवान चटणी आणि कधी केचप असतं. मला ती गाडी मनापासून आवडते, पण तो आपला पदार्थ आहे. पाकिटावरचं 'हक्का' हे नाव मात्र खरोखरच तिकडचं. हक्का हा दक्षिण चीनमधला एक समाज, त्यातले बरेच लोक कोलकात्यात स्थायिक झाले, टांगरा भागात आधी त्यांचे चामड्याचे कारखाने होते आणि मग हॉटेलं आली.

साहित्य, दोन माणसांसाठी

कोरड्या एग नूडल्स किंवा हक्का नूडल्स १५० ग्रॅम.
बिनहाडाचं मांस २०० ग्रॅम: चिकनची मांडी किंवा डुकराच्या पाठीचा कमी चरबीचा भाग.
कोबी, उभा चिरून, दोन मुठी. लहान गाजर १. कांदा अर्धा. कांद्याच्या पातीच्या ४ काड्या.
लसणाच्या ४ पाकळ्या, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा.
शेंगदाणा तेल ३ ते ४ मोठे चमचे.
लेपासाठी: लाइट सोया सॉस १ छोटा चमचा, कॉर्नफ्लोअर १ छोटा चमचा, पाणी १ मोठा चमचा, तेल १ छोटा चमचा, चिमूटभर पांढरी मिरपूड.
सॉससाठी: लाइट सोया दीड मोठा चमचा, ऑयस्टर सॉस १ मोठा चमचा, डार्क सोया १ छोटा चमचा, साखर अर्धा छोटा चमचा, पांढरी मिरपूड पाव छोटा चमचा.
शेवटी घालायला तिळाचं तेल १ छोटा चमचा. भाजलेल्या तिळाचं हवं, देवघरातलं नको.

तेलाचं वाचून काहींना आश्चर्य वाटेल, पण ग्वांगदोंगच्या स्वयंपाकघरांतही शेंगदाण्याचंच तेल वापरायची रीत आहे. ऑलिव्ह ऑइल इथं काढू नका. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरंशुभ्र, बोटांत चरचरणारं मक्याचं सत्त्व. मक्याच्या भाकरीचं पिवळं पीठ नव्हे, ही चूक मी एका मैत्रिणीच्या घरी डोळ्यांनी पाहिली आहे.

आधी नूडल्स, कारण त्यांना वाळायला वेळ लागतो

आठला जेवायचं असेल तर पावणेसातला कामाला लागा. मांस फ्रीझरमध्ये टाका (का ते पुढं येईल) आणि मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी उकळत ठेवा. पाणी खळखळलं की चमचाभर मीठ आणि नूडल्स घाला, पहिल्या मिनिटात दोन काट्यांनी मोकळ्या करा. पाकिटावर पाच मिनिटं लिहिली असतील तर चार मिनिटांनी एक काडी दातांखाली धरून बघा. आत जरासा कणखरपणा हवा, कारण कढईत त्या आणखी शिजणार आहेत.

रोळीत ओता आणि नळाखाली गार पाण्यानं चोळून धुवा. अंगावरचा पिठूळ चिकटपणा निघून जातो, शिजणंही थांबतं. आता पाच मिनिटं निथळू द्या, दोन छोटे चमचे तेल चोळा आणि परातीत पसरून पंख्याखाली ठेवा. अर्धा तास तरी, पाऊण झाला तर उत्तम. मुठीत धरल्यावर तळव्याला पाणी लागता कामा नये.

या पायरीवर घाई केलीत तर पुढचं सगळं फुकट जातं. कढईत पाणी आहे तोवर त्या ठिकाणचं तापमान १०० अंशांच्या फार वर चढत नाही. पाणी आधी वाफ होऊन जाणार, मगच भाजणं सुरू होणार. ज्या खरपूस वासासाठी आपण हा खटाटोप करतो तो साधारण १४० अंशांच्या पुढं तयार होतो. ओल्या नूडल्स घातल्या की आपण परतत नसतो, वाफवत असतो. माझा उपमा तसाच झाला होता.

नूडल्स कोणत्या घ्याव्यात? ग्वांगदोंगच्या नूडल्स पिवळसर दिसतात आणि चावताना उसळी मारतात, त्याला अंड्याबरोबर पिठातलं खारं पाणीही कारण आहे. हा खार आपल्या पापडखाराच्याच जातीचा. म्हणून पाकिटाच्या मागं घटक वाचा, अंडं किंवा असा एखादा खार दिसला तर ते पाकीट घ्या. दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स नकोत. त्या आधीच तळलेल्या असतात आणि परतताना तुटतात.

मांस: कापणं आणि लेप

फ्रीझरमध्ये अर्धा-पाऊण तास राहिलेलं मांस बाहेरून घट्ट होतं, आतून गोठत नाही. असं मांस साध्या घरगुती सुरीनंही पातळ कापलं जातं. आधी ३-४ मिलिमीटरचे काप करा, मग काप एकावर एक ठेवून काडेपेटीतल्या काडीपेक्षा जराशा जाड पट्ट्या. नूडल्सबरोबर घासात यायचं तर मांसही लांबटच हवं, चौकोनी तुकडे ताटाच्या तळाशी जाऊन बसतात.

धागा कुठल्या दिशेनं जातो ते बघून सुरी चालवायची. चिनी स्वयंपाक्यांची एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की बैल-बकरं धाग्याला आडवं कापा आणि डुक्कर धाग्याच्या बाजूनं उभं. मटणाचा धागा जाड आणि चिवट, आडवा तोडला तरच तो चावता येतो. डुकराचा धागा मुळात कोवळा, आडवा कापला तर परतताना काड्यांचा चुरा होतो. चिकनच्या मांडीला मी फार विचार करत नाही, शिरा आणि पातळ पांढरे पडदे तेवढे काढून टाकते.

आता त्या मऊ, घसरत्या मांसाचं गुपित. हॉटेलात चिकन असं कसं लागतं, याचं उत्तर लेपात आहे. चिनी स्वयंपाकात त्याला 'शांग ज्यांग' म्हणतात, म्हणजे पिठाचा लेप चढवणं. मांसावर आधी सोया, मिरपूड आणि चमचाभर पाणी घाला आणि बोटांनी एकाच दिशेनं ढवळत राहा. दीड-दोन मिनिटांत मांस ते पाणी पिऊन टाकतं आणि वाडगा कोरडा दिसतो. मग कॉर्नफ्लोअर, ते मिसळलं की शेवटी तेल. तेलामुळं पट्ट्या कढईत एकमेकींना धरून बसत नाहीत. कॉर्नफ्लोअर आचेवर पातळ साल धरतं आणि आतला रस आतच ठेवतं. वीस मिनिटं बाजूला ठेवा.

मूळ लेपात शाओशिंगची तांदळाची वाइन असते. ती मिळाली तर छोटा चमचाभर घाला, नाही मिळाली तर सोडून द्या. तिच्या जागी व्हिनेगर मात्र घालू नका, आंबटपणा वेगळाच लागतो.

मटण किंवा डुकराचं जरा जून मांस असेल तर याच लेपात पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा मिसळा. सोड्यानं मांसाच्या पृष्ठभागावरची प्रथिनं एकमेकांना घट्ट धरत नाहीत, म्हणून आचेवर मांस आवळत नाही. पाव म्हणजे पावच. जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि ती कशानंही झाकत नाही. कोवळ्या चिकनला याची गरज नाही.

कच्च्या मांसाचा पाट आणि सुरी लगेच धुवा, त्यावर भाज्या चिरू नका. त्यापेक्षा सोपं म्हणजे भाज्या आधीच चिरून ठेवा. भाज्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही: सगळ्या पातळ आणि उभ्या, धुतल्यावर फडक्यानं कोरड्या. चिनी घरांत मुगाचे बोटभर लांब पांढरे मोड घालतात. बाजारात मिळाले तर मूठभर घ्या, पण आपले उसळीचे आखूड मोड इथं कच्चट लागतात.

सॉस वाटीत, कढईत नाही

सॉसचं सगळं साहित्य एका वाटीत मिसळा आणि साखर विरघळेपर्यंत ढवळा. आचेवर कढई असताना एकेका बाटलीचं झाकण उघडत बसलात की नूडल्स तळाला लागल्याच.

लाइट सोया खारटपणासाठी, डार्क सोया रंगासाठी. चिनी डार्क सोया दाट आणि किंचित गोडसर असतो. आपल्याकडच्या काही बाटल्या नुसत्याच खारट निघतात, म्हणून आधी थेंबभर जिभेवर ठेवून बघा आणि तशी असेल तर प्रमाण निम्मं करा. ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा आटवलेला रस. ग्वांगदोंगच्या किनाऱ्यावर १८८८ साली एका खानावळवाल्याची कालवं विस्तवावर विसरली आणि दाट काळा रस उरला, त्यातून तो जन्मला अशी कथा सांगतात. कोकणातल्या कालवांच्या आमटीवर वाढलेल्यांना ती चव परकी वाटणार नाही. तो नको असेल तर मशरूमचा सॉस मिळतो.

अजिनोमोटो घालावं का? ते चिनी नाही, जपानी आहे. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं १९०८ साली समुद्री शेवाळापासून ते वेगळं केलं. मी घालत नाही, कारण ऑयस्टर आणि सोयात ती चव असतेच. तुम्हाला हवं तर पाव चमचा घाला, त्यात गुन्हा काही नाही.

वाटीत मीठ घातलं नाहीये, हे लक्षात आलं असेल. शेवटी चाखून मगच ठरवा.

कढई

वोक, म्हणजे चिनी कढई, विकत आणायला धावू नका. आपल्या लोखंडी कढईला गोल तळ असतो, गॅसच्या जाळीवर ती नीट बसते. जाड असेल तर उलट चांगलं: तापायला वेळ लावते, पण एकदा तापली की गार नूडल्स पडल्यावरही उष्णता सोडत नाही. नॉनस्टिक भांडं या कामाचं नाही. ते रिकामं कडकडीत तापवलं की त्याचा थर बिघडतो आणि त्याचा धूर घरात नको. इंडक्शन शेगडी असेल तर सपाट बुडाचा लोखंडी तवा घ्या, त्यातल्या त्यात खोलगट.

चिनी स्वयंपाकघरातला पहिला धडा म्हणजे तापलेली कढई आणि गार तेल. रिकामी कढई मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा. धुराची पहिली रेघ दिसली की तेल घाला, कढई फिरवून ते सगळीकडे पोचवा आणि लगेच जिन्नस टाका. गार कढईत तेल घालून दोन्ही एकत्र तापवलं की मांस चिकटतंच. चिमणी किंवा पंखा लावून ठेवा, खिडकी उघडा. जवळ एक मोठं झाकण असू द्या: तेलानं पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण टाकायचं, पाणी कधीही नाही.

घाणे

पहिला, मांसाचा. मोठा चमचाभर तेल, पट्ट्या पसरून टाका आणि हात लावू नका. मनात तीस-चाळीस मोजा. हे फार अवघड जातं, आपला हात सतत उलथण्याकडे जातो. खालची बाजू सोनेरी झाली की पट्टी स्वतःहून सुटते. मग उलटा, मिनिट-दीड मिनिट परता, आतला गुलाबी रंग गेला की ताटात काढा. कढई लहान असेल तर दोनदा करा, शंभर-शंभर ग्रॅम.

दुसरा, भाज्यांचा. कढई पुसून पुन्हा तापवा, छोटा चमचाभर तेल. आलं, लसूण, पातीचा पांढरा भाग टाका, दहा सेकंदांत वास सुटतो. लगेच कांदा, गाजर, मग कोबी. एक मिनिट, फार तर दीड. कोबी चावताना कुर्रकन वाजला पाहिजे. काढून ठेवा. मीठ आता घालू नका, पाणी सुटेल.

तिसरा, नूडल्सचा, आणि खरी कसोटी इथं आहे. कढई पुन्हा धुरापर्यंत तापवा, दीड मोठा चमचा तेल, नूडल्स पसरा. कढई भरून वाहत असेल तर निम्म्याच घ्या. पुन्हा तेच: मिनिटभर स्वस्थ राहा. चरचर आवाज येत असेल तर ठीक चाललंय, फसफस आली तर पाणी राहिलंय, आणखी थोडं थांबा. खालच्या नूडल्सना तपकिरी ठिपके आले की उलथणं आणि चिमटा अशा दोन हातांनी खालून वर उचला. ढवळू नका, ढवळल्यानं तुटतात. उचला, सोडा, उचला, सोडा.

आता वाटीतला सॉस नूडल्सवर ओतू नका, कढईच्या तापलेल्या कडेनं गोल सोडा. धातूला लागताक्षणी तो उकळतो, आटतो, किंचित जळतो, आणि तो वास नूडल्सना लागतो. कँटनी, म्हणजे ग्वांगदोंगकडचे, लोक ज्याला 'वोक हेई', कढईचा श्वास म्हणतात त्यातला जेवढा वाटा घरी मिळू शकतो तो बराचसा इथंच मिळतो. हॉटेलात कढई उडवली की ज्वाला आत शिरते आणि तेलाचे थेंब हवेतच पेटतात. ते घरी करू नका. मीसुद्धा एकदाच केलं आणि नंतर पडदे बदलले.

मिनिटभर उचल-सोड केली की सगळ्या नूडल्सना सारखा रंग येतो. मग मांस आणि भाज्या परत घाला, मोड आणले असतील तर तेही, पातीचा हिरवा भाग, आणि अर्धा मिनिट परता. गॅस बंद. तिळाचं तेल वरून, कारण आचेवर त्याचा वास उडून जातो. चाखा. लगेच वाढा, ही पोळ्यांसारखी डब्यात भरून ठेवायची गोष्ट नाही.

चार माणसांसाठी करायचं तर प्रमाण दुप्पट करा, पण कढईत नाही. सगळे घाणे दोनदा. पाहुण्यांच्या गर्दीत मी हा बेत ठेवतच नाही.

बिघडलं तर

नूडल्स गोळा झाल्या तर कढईत पाणी घालून सोडवू नका, छोटा चमचाभर तेल बाजूनं सोडा आणि आच मोठी ठेवा. रंग काळपट झाला तर डार्क सोया जास्त पडला, आता इलाज नाही, पुढच्या वेळी बघा. खारट झालं तर मूठभर कोबी वेगळा परतून मिसळा. मांस चिवट लागलं तर पट्ट्या जाड होत्या किंवा पहिल्या घाण्यात फार वेळ राहिल्या. आणि चव सपक वाटली तर मीठ घालायच्या आधी चिमूटभर साखर आणि मिरपूड घालून बघा.

आंबट हवंच असेल तर ताटात घ्या. हाँगकाँगमध्ये कुरकुरीत नूडल्सबरोबर लाल व्हिनेगरची बाटली टेबलावर ठेवतात, ज्याला हवं तो घेतो. तिखट खाणाऱ्यांसाठी शेजारी मिरचीचं तेल.

उकडलेल्या नूडल्स उरल्या तर दोन तासांच्या आत डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या आणखी कोरड्या झालेल्या असतात, म्हणजे परतायला आदल्या दिवशीपेक्षा बऱ्या. पण मी त्यांचं दुसरंच करते. तव्यावर दोन मोठे चमचे तेल, त्यावर नूडल्सची जाडसर थाळी थापते, मध्यम आचेवर पाच मिनिटं, मग थालीपीठ उलटतो तशी उलटून आणखी चार मिनिटं. शांघायजवळच्या सूचौ शहराकडे याला 'ल्यांगम्येन ह्वांग', दोन्ही बाजूंनी पिवळं, असं म्हणतात. वर मांसाचा दाट रस्सा हवा, तो घरात नसेल तर रात्रीचं उरलेलं चिकनही चालतं.